बापूंची न तुटलेली तार

"खाणार असाल तर कसाही पकडा. खाणार नसाल, तर मात्र नीट पकडायला पाहिजे."

हे बापूंचं वाक्य. बापू मासेमारी करतात हे कळलं की समोरचा माणूस, मग तो डच असो की नुकताच पुण्याहून येऊन दाखल झालेला एखादा मुलगा, हमखास विचारायचा, "म्हणजे तुम्ही मासे खाता?" त्यावर बापू शांतपणे हे वाक्य टाकायचे आणि समोरच्याला विचार करत ठेवून निघून जायचे. मिरजेच्या लिंगायत घरातला माणूस. ऑफिसात कुणी वाढदिवसाचा केक आणला तर त्यात अंडं आहे का हे विचारल्याशिवाय हात पुढे करायचा नाही. आणि दर रविवारी सकाळी हा माणूस आल्मेरे ह्या डच गावातल्या कालव्याकाठी रॉड घेऊन उभा. मासा धरायचा, त्याच्या तोंडातला गळ हलक्या हाताने सोडवायचा, "जा बाबा, चुकलं" म्हणायचं आणि पाण्यात सोडून द्यायचा.

मी ठाण्याचा. सगळे मासे खाणारा. बापूंकडे भाड्याने राहायला आलो तेव्हा मला वाटलं, घरमालक मासे पकडतात म्हणजे आपली सोय झाली. पहिल्याच संध्याकाळी वहिनींनी गैरसमज दूर केला. "ह्या घरात मासा आला तर मी बाहेर जाईन," त्या म्हणाल्या, "आणि मी बाहेर गेले तर तुम्हाला दोघांना भात कोण घालणार?"

दोन हजार पाचच्या आसपासचे दिवस. बापू आणि मी झुइडास ह्या ऑफिसांच्या भागातल्या एका बँकेच्या प्रोजेक्टवर होतो. ते टेस्टिंगचे लीड, मी प्रोग्रॅम लिहिणारा. माझी बायको तेव्हा ठाण्याला होती, तिचे कागद व्हायचे होते. बापूंचा मुलगा डेल्फ्टला शिकायला गेला होता आणि त्याची माळ्यावरची खोली रिकामी होती. आम्ही सकाळी एकत्र ट्रेनने जायचो, संध्याकाळी एकत्र यायचो. ऑफिसात मी लिहायचो आणि बापू त्यातल्या चुका काढायचे. घरी वहिनी वाढायच्या आणि बापू त्यातल्या चुका काढायचे नाहीत. तेवढा फरक.

आल्मेरेतलं ते घर त्यांनी का घेतलं, हे वहिनी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या. "लोक शाळा बघून घर घेतात. ह्यांनी मागची शेड बघून घेतलं."

त्या शेडमध्ये एका फळीवर स्क्रूने घट्ट बसवलेला एक वाळलेला जबडा होता. स्नूकचा. इंग्रजीत त्याला पाइक म्हणतात. हिरवट अंगाचा, लांबलचक, बदकासारख्या चपट्या तोंडाचा मासा, आणि त्या तोंडात आतल्या बाजूला वळलेले असंख्य दात. बोट आत गेलं तर आत जाताना काही कळत नाही, बाहेर काढताना कळतं. गावातल्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानदाराने तो जबडा बापूंना दिला होता. कुठल्या तरी काठावर मेलेला मासा त्याला सापडला होता. जबडा घरात आणायची परवानगी नव्हतीच. शेडमध्येसुद्धा तो झाकून ठेवायची अट होती, म्हणून त्यावर वहिनींचा एक जांभळा ब्लाउजपीस असायचा.

जबडा कशाला, तर तपासणीला. स्नूक पकडायचा तर रॉडच्या दोरीला गळ थेट बांधून चालत नाही. मासा दात मारतो, दोरी कापली जाते आणि मासा गळ तोंडात घेऊन पळतो. म्हणून दोरी आणि गळ यांच्यामध्ये हातभर लांबीचं असं काहीतरी लावायचं, जे दाताला तुटणार नाही. त्याला लीडर म्हणतात. बापू आपले 'तार' म्हणायचे. ती तार कशाची असावी, हा बापूंच्या आयुष्यातला मोठा प्रश्न होता. बँकेचे व्यवहार बरोबर होतात की नाही, हा त्याच्या खालोखाल.

बाजारात नवीन काही आलं की बापू त्याचा एक तुकडा आणायचे, टोकाला तांदळाची पिशवी बांधायचे आणि तो तुकडा दातांवरून मागे-पुढे ओढायचे. पिशवी खाली पडली की "फेल." साधा नायलॉन पहिल्याच ओढीत फेल. विणलेली दोरी, जी नुसती ओढली तर हाताला कापेल पण तुटणार नाही, ती दाताला लागली की सुतासारखी गेली. केव्हलार, ज्याची बुलेटप्रूफ जॅकेटं करतात, ते थोडं झगडून गेलं. पोलादाची तार म्हणून त्यांनी सुरुवातीला चक्क मिरजेहून तानपुऱ्याची तार मागवली होती. लहानपणी तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीतून शाळेत जायचे, तारेला पीळ देऊन फास कसा करायचा हे तिथे उभं राहून बघितलेलं. ती तार दाताला पुरून उरली, पण एकदा वाकली की त्याच जागी मोडायची. "गाण्याला ठीक आहे," बापू म्हणाले, "गाण्यात चावत नाहीत." मग टायटॅनियम. चकचकीत, महाग, वाकवली तरी आपोआप सरळ होणारी. ती बापूंनी बरेच दिवस वापरली आणि एका सकाळी ती काही चिन्ह न दाखवता मधूनच तुटली. नशिबाने तेव्हा टोकाला मासा नव्हता. "तुटायच्या आधी काही सांगतच नाही ही," ते म्हणाले, "अशा तारेचा भरवसा काय?"

शेवटी त्यांचा विश्वास बसला तो एकोणपन्नास तारांच्या पोलादी वायरवर. केसाहून बारीक सात तारांचा एक पेड, असे सात पेड एकत्र वळलेले. हातात धरली तर शेवयांसारखी लवलवीत. मुरगळायची नाही, आणि खराब व्हायला लागली की एखादी बारीक तार बाहेर येऊन बोटाला टोचायची. "बघ, ही आधी सांगते," बापू खूष होऊन म्हणायचे. तिच्या दोन्ही टोकांना फास करून, त्यावर बारीक नळी बसवून, ती पकडीने दाबायची. तो दाब, म्हणजे क्रिम्प, बापू स्वतःच्या हाताने द्यायचे. दुकानात तयार मिळायच्या, त्या घ्यायचे नाहीत. "दुसऱ्याने दाबलेलं मी कशाला मानू? मी काय डेव्हलपर आहे?"

हा टोमणा मला असायचा.

टोमणे ऑफिसातही असायचे, पण तिथे ते इंग्रजीत आणि इतक्या सभ्यपणे यायचे की लागायला वेळ लागायचा. मला तेव्हा स्वतःच्या कामाचा जरा जास्तच अभिमान होता. माझं काम झालं की ते बापूंकडे जायचं आणि बापू ते जबड्यावरून ओढल्यासारखं ओढायचे. कुणी खातेदार आपल्या नावात काहीच लिहिणार नाही का, कुणी रकमेच्या जागी शून्य टाकेल का, कुणी एकच बटण रागाने सात वेळा दाबेल का. मी म्हणायचो, "बापू, असं कोण करतं?" ते म्हणायचे, "स्नूक करतो."

त्या शरद ऋतूत दुकानदाराने नवीन माल आणला, फ्लुरोकार्बन. दिसायला नायलॉनसारखा, पण जास्त कडक, आणि पाण्यात जवळजवळ अदृश्य. सगळ्या मासेमारांत त्याची चर्चा होती. दुकानदार स्वतः म्हणाला, "सर, पोलाद विसरा. माशाला हे दिसतच नाही. तुम्हाला दुप्पट मासे लागतील." बापूंनी दोन जाडीचे तुकडे आणले आणि शेडमध्ये गेले. पातळ तुकडा लवकरच गेला. जाड मात्र टिकला. पुष्कळ वेळ टिकला. मी शेजारी उभा राहून म्हणालो, "बघा, पास की हो!" तेवढ्यात तांदूळ खाली पडले.

"बराच टिकला पण," मी म्हणालो.

"बराच," बापू तांदूळ गोळा करत म्हणाले. "दारू प्यालेला माणूससुद्धा गाडी बरीच लांब नीट चालवतो."

"पण मासे जास्त लागतील ना बापू. तारेला बिचकतात ते. आपल्याला दोन-दोन रविवार एक मासा लागत नाही."

"लागू देत कमी. आपण खाणार आहोत का? भूक भागवायची असती तर गोष्ट वेगळी. नुसत्या हौसेसाठी त्याला धरायचं आणि वर तोंडात लोखंड घालून पाठवायचं, हे कुठल्या तोंडानं करायचं?"

हे मला पटलं होतं का? पटलं होतं. ते मी आता लिहितो आहे, कारण पुढे जे केलं ते न कळल्यामुळे केलं असं कुणाला वाटू नये.

नोव्हेंबरातला एक शुक्रवार होता. माझं काम बँकेच्या लोकांना दाखवायचं होतं. माझ्या मते ते तयार होतं. बापूंनी भर मीटिंगमध्ये ते मागे घ्यायला लावलं. सभ्यपणेच. काय चुकलं ते दाखवलं आणि डच मॅनेजरला म्हणाले, "त्याचं काम चांगलं आहे, फक्त त्याला घाई असते." सगळे हसले. मीसुद्धा हसलो. ट्रेनमध्ये बापूंनी मला डब्यातला चिवडा दिला, मी तो खाल्ला, आणि मनात एकच गोष्ट घोळत राहिली, की ह्यांना एकदा चुकीचं ठरवायचं. बँकेत ते जमणार नव्हतं. कालव्यावर जमलं असतं.

शनिवारी मी दुकानात जाऊन फ्लुरोकार्बन आणला. पातळ. जाड हाताला कडक लागत होता, गाठ नीट बसेना, म्हणून पातळ.

रविवारी बापूंनी नेहमीप्रमाणे माझ्या दोरीला स्वतः केलेली तार लावून दिली, तिला पिवळा लाकडी खोटा मासा अडकवला, त्याच्या पोटाखाली तीन-तीन आकड्यांचे दोन गळ, आणि "तू हितंच थांब, मी तिकडं लव्हाळ्याच्या पलीकडं बघतो" म्हणून पुढे गेले. ते वळणाआड गेल्यावर मी तार काढली, खिशात घातली आणि फ्लुरोकार्बन बांधला. बेत असा, की मासा लागला की बापूंना हाक मारायची, फोटो काढायचा, आणि मग दोरी दाखवून म्हणायचं, पास.

मासा लागला. तिसऱ्या की चौथ्या फेकीला. एवढा मोठा मासा मी तोवर पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. मी ओरडलो. बापू जाळं घेऊन त्या चिखलातून धावत आले. थंडीत नाक लाल झालेलं, टोपी मागे पडलेली. "सावकाश! सावकाश! ओढू नकोस, येऊ दे तिला!" मोठी स्नूक मादीच असते, म्हणून ते 'तिला' म्हणत होते. ती काठाजवळ आली, आम्ही दोघांनी तिची पूर्ण लांबी पाहिली, तिने एकदा डोकं झटकलं, आणि माझ्या हातातला रॉड एकदम हलका झाला.

पाण्यावर वर्तुळं उरली. पिवळा लाकडी मासा तिच्या तोंडात गेला होता.

मी झपाझप दोरी गुंडाळली. टोक मुठीत धरलं. बापू पाण्याकडेच बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "क्रिम्प सुटला काय?"

तिथे "नाही" म्हणायला काही लागलं नसतं. मी म्हणालो, "असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आलो तर ओट्यावर चहाचे दोनच कप. वहिनी तोंड फुगवून बसलेल्या. बापू पेल्यातून गरम पाणी पीत होते.

"विचारा ह्यांना," वहिनी मला म्हणाल्या. "सकाळी लिंगपूजेला बसले आणि शपथ घेऊन उठले. म्हणे तो मासा सापडून त्याच्या तोंडातलं काढीपर्यंत चहा नाही. अहो, मासा आहे का जावई आहे?"

ज्यांनी बापूंना चहा पिताना पाहिलं नाही त्यांना हे कळणार नाही. ऑफिसच्या मशीनमधलं पाणी त्यांनी कधी चहा मानलं नाही. घरून थर्मास आणायचे. आलं, गवती चहा, साखर. गवती चहाची कुंडी खिडकीत होती आणि हिवाळ्यात तिला वहिनींनी स्वेटरच्या बाहीत गुंडाळलं होतं. असा माणूस डच हिवाळ्यात गरम पाण्यावर आला, आणि समोर बसून मी चहा प्यायला लागलो. वहिनींना एकटीला चहा जात नसे. "तुम्ही तरी घ्या," त्या म्हणायच्या, आणि कप पुढे करायच्या.

बापूंच्या मनाला दोन गोष्टी लागल्या होत्या. एक मासा, आणि दुसरं म्हणजे स्वतःचा हात. त्यानंतरच्या दिवसांत शेडमध्ये त्यांनी इतक्या तारा केल्या आणि ओढून तोडल्या, की नळ्या संपल्या. प्रत्येक वेळी तार तुटायची, क्रिम्प सुटायचा नाही. टेस्टरला ह्याहून वाईट काही नसतं. चूक झाली आहे, डोळ्यांनी पाहिली आहे, आणि ती पुन्हा करून दाखवता येत नाही. "रिप्रोड्यूस होत नाही रे," ते मला सांगायचे. "तू डेव्हलपर आहेस, तू सांग. काय वेगळं होतं त्या दिवशी?"

"थंडी?" मी म्हणायचो.

ते दोन तारा फ्रीजरमध्ये ठेवून आले. वहिनींच्या मटारांशेजारी.

दर रविवारी आम्ही त्याच पट्ट्यात जायचो. लव्हाळ्याच्या काठाने, पुलापासून पुलापर्यंत. बापू गळाचे काटे घासून बोथट करायचे, म्हणजे पुन्हा लागलीच तर तिला जास्त इजा नको. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक डच मासेमाराला ते आपल्या तोडक्या डचमध्ये विचारायचे, पिवळा मासा तोंडात असलेली मोठी स्नूक दिसली का. एक म्हातारा म्हणाला, गळ गंजतात, पडून जातात, मासा जगतो, एवढं मनाला लावून घेऊ नका. बापूंनी त्याचे आभार मानले. पुढे गेल्यावर मला म्हणाले, "पडतातही. पण तोवर ती खाणार कशी?"

मग त्यांनी सुपरमार्केटच्या फलकावर चिठ्ठी लावली. तिथे लोक हरवलेल्या मांजरांच्या चिठ्ठ्या लावतात, फोटो आणि फोन नंबर. बापूंनी स्नूकचं चित्र स्वतः काढलं, तोंडात पिवळा रंग भरला, आणि खाली घरचा नंबर. आठवड्याने एक फोन आला. वहिनींनी घेतला. कुणीतरी लहान मुलगी होती. तिने विचारलं, माशाचं नाव काय आहे? म्हणजे माशाला हाक मारता येईल. वहिनी हसून हसून खाली बसल्या. बापूंनी मात्र फोन हातात घेऊन तिला गंभीरपणे सांगितलं, नाव अजून ठेवलेलं नाही, पण दिसली तर जवळ जाऊ नकोस, चावते.

त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला बापूंनी मला तूप वाढलं आणि म्हणाले, "तुझा रविवार जातो माझ्या चुकीपायी. कंटाळलास तर सांग."

मी तरीही बोललो नाही. जानेवारी गेला. जी माणसं फार बोलत नाहीत त्यांना लोक विचारी समजतात, आणि ही समजूत फार सोयीची असते.

मार्चपासून स्नूक पकडायला बंदी असते. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही पुन्हा पुलापासून पुलापर्यंत गेलो. काही लागलं नाही. बापू रॉडचे तुकडे वेगळे करत म्हणाले, "आता मोसम उघडल्यावर मी येणार नाही. शेडमधलं सामान दुकानदाराला देऊन टाकतो. ज्याच्या हाताचा भरवसा नाही त्याने हे करू नये."

तेव्हा मला बोलावं लागलं. धाडस वगैरे काही नव्हतं. तो माणूस जबडा आणि पकड देऊन टाकणार होता, आणि ते मला बघवणार नव्हतं.

"बापू, तार नव्हती त्या दिवशी."

"म्हणजे?"

"तुमची तार नव्हती दोरीला. फ्लुरोकार्बन होता."

ते पुलाच्या कठड्याला टेकले. मग विचारलं, "जाडी?"

"पातळ. अर्धा मिलिमीटर."

"गाठीत गेलं का मधे?"

"मधे. कापल्यासारखं."

"म्हणजे माझा क्रिम्प सुटला नाही."

"नाही बापू."

त्यांनी डोळे मिटून घेतले. सुटकेसारखं काहीतरी चेहऱ्यावर आलं आणि लगेच गेलं, कारण पाठोपाठ त्यांना मासा आठवला असणार. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो कुठलाही चांगला टेस्टर विचारेल. चूक कळल्यावर ती कशी घडली ते विचारायचंच.

"तार लावायला विसरलास, का काढलीस?"

मी लावायला विसरण्याचा प्रश्नच नव्हता, त्यांनी स्वतः लावून दिली होती. पण त्या घटकेला त्यांना ते आठवलं नाही, किंवा आठवून घ्यायचं नव्हतं.

"खोटा मासा बदलताना काढली," मी म्हणालो, "आणि परत लावायला विसरलो. हाताला आलं ते बांधलं."

"विसरलास," ते म्हणाले. "बरं."

घरी आल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात ढकललं. "सांग तिला." मी वहिनींना सांगितलं. त्या पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं.

"म्हणजे तीन महिने मी त्या माशाला शिव्या घातल्या, त्या तुमच्या होत्या तर," त्या म्हणाल्या. "घ्या आता. परत नाही घेत मी." आणि त्यांनी तीन कप चहा टाकला.

बापूंनी आपला कप अलगद बाजूला सारला.

"अहो, तुमची चूक नव्हती ना!" वहिनी ओरडल्याच.

"शपथ घेताना चूक कुणाची हे बोललो नव्हतो. मासा सापडेपर्यंत म्हणालो होतो. सापडला का?"

मग मीही चहा सोडतो, असं मी म्हणालो. बापू म्हणाले, "कशाला? दोघांनी सोडला तर मासा दोन बाजूंनी सापडतो का? आणि हिला सोबत कोण? पी गुपचूप."

तो कप मी प्यायलो.

त्याला आता वीस वर्षं होत आली. बापूंनी सामान दिलं नाही. जबड्यावर हल्ली हिरवा ब्लाउजपीस आहे. बापू सत्तरी ओलांडून गेले, निवृत्त झाले, आल्मेरेतच राहिले. मी युट्रेख्टला घर घेतलं. माझी मुलं त्यांना मराठीत प्रश्न विचारतात आणि डचमध्ये भांडतात. चहा बापूंनी पुन्हा घेतला नाही. मोठी स्नूक किती वर्षं जगते हे त्यांना चांगलं माहीत आहे. तरी नाही.

आणि मी त्यांच्या लेखी विसराळू झालो. हे मी स्वतः ओढवून घेतलेलं. भारतात जायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन येतो, पासपोर्ट घेतलास का. मुलीचा जन्म झाला तेव्हा वहिनींच्या हाती डिंकाचे लाडू पाठवले आणि वर निरोप, खेमेन्तेत, म्हणजे नगरपालिकेत, नाव नोंदवायला विसरू नको, मुदत असते. माझ्या बायकोला ते म्हणतात, "चांगला आहे पोरगा, फक्त डोक्यात काही राहत नाही." ती माझ्याकडे बघते. तिला माहीत आहे, मी काहीच विसरत नाही. आणि कालव्यावर गेलो, की माझ्या पहिल्या फेकीच्या आधी बापू न बोलता पुढे येतात, माझ्या दोरीचं टोक हातात घेतात, तारेवरून बोटं फिरवतात, क्रिम्प दोनदा ओढून बघतात. लहान मुलाच्या बुटाची नाडी बघावी तसं. हातमोजे काढून बघतात, मोज्यातून कळत नाही म्हणून.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही गेलो होतो. त्यांचे हात हल्ली थरथरतात, थंडीने जास्त. त्यांनी मोजे काढले, दातात धरले, आणि माझ्या दोरीचं टोक शोधायला लागले. बोटांना सापडेना. मी टोक त्यांच्या हातात दिलं. आणि मग, काही ठरवलं नसताना, म्हणालो,

"बापू, मी विसरलो नव्हतो."

"काय?"

"त्या दिवशी. तार मी काढली होती. ठरवून. खिशात घातली. आदल्या दिवशी फ्लुरोकार्बन विकत आणला होता. तुम्हाला चुकीचं ठरवायचं होतं. शुक्रवारच्या मीटिंगचा राग होता."

त्यांची बोटं तारेवर होती. ती थांबली नाहीत. वरच्या फासापासून खालच्या फासापर्यंत गेली, एक जागा पुन्हा चाचपली, टोचतं का बघितलं. मग त्यांनी क्रिम्प धरून ओढला. एकदा. थोडं थांबून पुन्हा एकदा, जास्त जोराने, इतक्या जोराने की माझा रॉड वाकला.

दातातले मोजे काढून त्यांनी खिशात घातले.

"आज लावली आहेस ना?" ते म्हणाले. "मग टाक."